पुढचं चाक वाऱ्याला विचारून घ्या

"काका, पन्नासची घेऊ की साठची?"

साताऱ्यातल्या माझ्या सायकलच्या दुकानात हा प्रश्न आता आठवड्यातून दोनदा तरी येतो. विचारणारं पोर पंधरा ते वीस वर्षांचं असतं. हातात मोबाइल, त्यावर काळ्या कार्बनच्या चाकांचा फोटो, आणि दोन पावलं मागे खिशाचा अंदाज घेत उभे असलेले वडील. पन्नास, साठ हे मिलिमीटर. टायर बसतो त्या कडेपासून आरे सुरू होतात तिथपर्यंत रिम किती खोल आहे, त्याचं हे माप. दूधवाल्याच्या काळ्या सायकलची रिम बोटाच्या एका पेरात मावते. शर्यतीच्या सायकलला आज तीन-चार बोटं खोल रिम मिळते, आणि टूर द फ्रान्स पाहणाऱ्या मुलाला तीच हवी असते. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने परदेशी संघ आपल्याच जिल्ह्याशेजारच्या रस्त्यांवर आले, तेव्हापासून ही मागणी आणखी वाढली आहे.

या चाकांवर माझं पोट आहे. साठची जोडी विकली तर साध्या जोडीपेक्षा गल्ल्यात जास्त पडतं. तरीही गेली दोन वर्षं मी हलक्या वजनाच्या मुलांना पुढच्या चाकासाठी खोल रिम विकत नाही. गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे जातं, जाऊ देतो. असं का करतो ते एकदा सविस्तर सांगावं म्हणून हा लेख.

आधी खोल रिमचं खरं कौतुक सांगतो, कारण त्यात तथ्य आहे. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या पुढे गेलात की पायातली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. म्हणजे ३० वरून ४० वर जायचं, तर हवेसाठीच दुपटीहून जास्त ताकद लागते. चाकाचं तर आणखी वेगळं आहे. रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर थांबलेला असतो आणि वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. तिथे पातळ रिम आणि उघडे आरे हवा घुसळतात. रिम खोल केली की आरे आखूड होतात आणि हवा तिच्या अंगावरून सरळ निघून जाते.

चाक हवेला दोनदा भेटतं, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. पुढच्या अर्ध्या भागात हवा आधी टायरला लागते आणि मग रिमवरून मागे सरकते. मागच्या अर्ध्या भागात हे उलटं होतं. तिथे हवा आधी रिमच्या आतल्या कडेला, आरे बसतात त्या कडेला, लागते आणि टायरवरून बाहेर पडते. ती आतली कड सुरीसारखी धारदार असेल तर जरा तिरका वारा आला की हवा रिमला चिकटून राहत नाही, सुटते. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या स्टीव्ह हेड यांनी रॉबर्ट हॉग यांच्याबरोबर मधे फुगीर असलेल्या रिमच्या आकाराचं पेटंट घेतलं, ते याच विचारातून. आज चांगल्या रिम रुंद आणि आतून गोलसर येतात, त्या या घराण्यातल्या. ऑनलाइन जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात त्या बऱ्याचदा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, आतून टोकदार. त्यामुळे नुसता मिलिमीटरचा आकडा विचारून भागत नाही. रुंद, गोलसर पंचेचाळीसची रिम जुन्या टोकदार अडतीसपेक्षा शांत चालते, हे मी स्वतः दोन्ही चालवून पाहिलं आहे.

पण फायदा किती? तीसवरून पन्नासला गेलं तर शर्यतीच्या वेगात वाचणारे वॅट दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील इतके. पन्नासवरून साठला गेलं की त्यातही एका हाताची दोन-तीन बोटं. हवेच्या एकूण अडथळ्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास वाटा सायकलवर बसलेल्या माणसाच्या शरीराचा असतो. कोपर वाकवून, पाठ खाली नेऊन हँडलचा खालचा भाग धरला की जे वाचतं, ते कुठल्याही रिमपेक्षा जास्त आहे, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९८९ च्या टूर द फ्रान्समधलं. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसला २४.५ किलोमीटरची एकट्याने वेळेविरुद्धची शर्यत होती. लोरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. त्याच्या सायकलला पुढे-मागे दोन्हीकडे बंद तबकडीची चाकं, म्हणजे खोल रिमचं शेवटचं टोक. ग्रेग लेमाँडला तबकडी फक्त मागे होती. पुढचं चाक आऱ्यांचं, पण हँडलला हात पुढे एकत्र आणून टेकवायच्या दांड्या लावलेल्या. फिन्योंला त्या दिवशी बैठकीच्या जखमेचाही त्रास होता, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. लेमाँडने त्या शर्यतीत फिन्योंला ५८ सेकंदांनी मागे टाकलं आणि तीन आठवड्यांची टूर ८ सेकंदांनी जिंकली. दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला मी ही गोष्ट सांगतो. चाकांच्या हिशेबात फिन्यों पुढे होता. लेमाँडने शरीर अरुंद केलं होतं.

त्याच्या पाच वर्षं आधी, जानेवारी १९८४ मध्ये, फ्रांचेस्को मोझेरने मेक्सिको सिटीत तबकडीच्या चाकांवर एका तासात ५१.१५१ किलोमीटर अंतर कापलं. एडी मर्क्सचा १९७२ चा ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम त्याने मोडला. तिथून या बंद आणि खोल चाकांची कीर्ती जगभर पोचली. पण मोझेर व्हेलोड्रोमच्या गोल धावपट्टीवर एकटा होता. शेजारी एसटी नव्हती, दरीच्या कडेचा वळणाचा रस्ता नव्हता. आमच्याकडे हे सगळं आहे, आणि वर चाळकेवाडी आहे.

चाळकेवाडी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साताऱ्याच्या बोगद्यातून सज्जनगडाच्या रस्त्याला लागायचं, ठोसेघर ओलांडून आणखी चढायचं, की तिसेक किलोमीटरवर सह्याद्रीचं मोकळं पठार लागतं. पठारभर पवनचक्क्या उभ्या आहेत. पवनचक्क्या जिथे वारा खात्रीचा असतो तिथेच लावतात. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा कोकणातून कडा चढून येतो आणि पठारावर पाय ठरू देत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळ शांत जाते, पण दुपार कलली की तोच पश्चिमेचा वारा सुटतो. सातारच्या मुलांचा सराव याच रस्त्यावर होतो, कारण चढ चांगला आहे आणि गाड्या कमी आहेत.

मे महिन्यातल्या अशाच एका दुपारी एक मुलगी या रस्त्यावर पडली. वय सोळा, वजन ४६ किलो. जिल्ह्याच्या शाळांतून तिच्या वयात तिच्याइतकी चढणारी मुलगी मी पाहिलेली नाही. तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांनी आरडी मोडून तिला साठची कार्बनची जोडी घेतली. ती चाकं मीच विकली होती, मीच बसवली होती. हबला ग्रीस भरून, आउट काढून, हातावर फिरवून दाखवली, तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला अजून आठवतं. त्या वेळी तिचं वजन मी विचारलं नाही. कोणत्या रस्त्यावर चालवणार तेही विचारलं नाही. तीस वर्षं या धंद्यात असून विचारलं नाही.

पठारावरून खाली येताना एके ठिकाणी रस्ता दरड कापून काढला आहे. त्या दरडीच्या आडोशाला वारा लागत नाही. आडोसा संपतो आणि एकदम डावीकडून मोकळा झोत अंगावर येतो. ती चाळीसच्या पुढच्या वेगात होती. झोताने पुढचं चाक वळवलं, तिने हँडल त्याविरुद्ध जोर लावून सरळ धरलं. तेवढ्यात झोत थांबला आणि तिचाच जोर तिला रस्त्याच्या दुसऱ्या कडेला घेऊन गेला. गळपट्टीचं हाड मोडलं, कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलली. समोरून गाडी आली नाही. दवाखान्यात ती मला म्हणाली, "काका, वाऱ्यानं नाही पाडलं मला. वारा गेला, त्यानं पाडलं."

सोळा वर्षांच्या पोरीने अख्खं शास्त्र एका वाक्यात सांगितलं. एकसारखा वाहणारा आडवा वारा त्रास देतो, पण अंग तिरकं करून सायकल चालवता येते. घात करतो तो वाऱ्यातला बदल. दरडीचा आडोसा, पुलाचा कठडा, उसाचा फड संपून लागणारं मोकळं रान, शेजारून निघून जाणारा ट्रक. अशा प्रत्येक जागी झोत येतो किंवा जातो. आणि हा बदल हँडलपर्यंत पोचवतं ते पुढचं चाक, कारण तेवढंच वळतं. मागचं चाक फ्रेममध्ये अडकलेलं असतं. त्याच्यावर वारा बसला तर सगळी सायकल थोडी सरकते, पण हातातून हँडल कोणी ओढत नाही.

मी त्या रात्री वही घेऊन बसलो आणि रिमच्या बाजूच्या पृष्ठभागाचा हिशेब मांडला. तीसच्या रिमची एका बाजूची फळी सुमारे ५७० चौरस सेंटीमीटर भरते, शाळेच्या प्रकल्पाला लागणाऱ्या ए-फोर कागदापेक्षा थोडी कमी. साठच्या रिमची भरते सुमारे १,०८० चौरस सेंटीमीटर. म्हणजे जवळजवळ दुप्पट. खोल रिम नुसती फळी नसते, ती शिडासारखी वागते. थोड्या तिरक्या वाऱ्यात ती पुढे ढकलायला मदतही करते, आणि कोन वाढला की हवा एकदम सुटते आणि चाक झटका देतं. हा झटका ८० किलोच्या माणसाला बसला तर तो खांदे ताठ करून निभावतो. ४६ किलोच्या मुलीला तोच झटका, तेवढाच मोठा, आणि विरोध करायला निम्म्याहून थोडंच जास्त वजन. कंपनीच्या पत्रकावर छापलेला आकडा ताशी ४५ किलोमीटरचा आणि वाऱ्याच्या बोगद्यातला असतो. चालवणाऱ्याचं वजन त्या पत्रकावर कुठेच नसतं.

हवाई बेटावर कोना इथे आयर्नमनची जागतिक स्पर्धा होते. लाव्हाच्या मोकळ्या रानातला तिथला आडवा वारा इतका बदनाम आहे की तबकडीची चाकं त्या स्पर्धेत वर्षानुवर्षं बंद होती. तिथले स्वार जगातले तयार लोक. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने, म्हणजे यूसीआयने, १ जानेवारी २०२६ पासून घोळक्याने धावायच्या रस्त्यावरच्या शर्यतींत रिमच्या खोलीला ६५ मिलिमीटरची मर्यादा घातली आहे. पण ही मर्यादा व्यावसायिकांसाठी पुरेशी असली तरी साताऱ्यातल्या नववी-दहावीतल्या मुलांसाठी ती काही सांगत नाही. त्यांच्यासाठी आपल्यालाच बोललं पाहिजे.

मग निवडायचं कसं? माझं उत्तर आता एकच आहे. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर, तुमच्याकडच्या सगळ्यात वाईट वाऱ्यात, ज्या पुढच्या चाकावर तुम्ही हँडलचा खालचा भाग धरून, कोपर वाकवून निश्चिंत राहू शकता, तेवढी खोल रिम तुमची. त्याहून खोल चाकावर झोत आला की माणूस घाबरून सरळ बसतो, वरचं हँडल घट्ट पकडतो, पॅडल थांबवतो. तो जेव्हा असा उठून बसतो तेव्हा रिमने दिलेलं सगळं आणि वर चार पटीने जास्त हवेला देऊन टाकतो. अशा दिवशी कमी खोल रिमवरचा, वाकून बसलेला स्वार पुढे निघून जातो. मी हे ठोसेघरच्या रस्त्यावर अनेकदा पाहिलं आहे, घड्याळ लावूनही पाहिलं आहे.

आकड्यांत बोलायचं तर पंचावन्न किलोच्या आतल्या मुलामुलींना पुढे तीस ते पस्तीस. सत्तरच्या आसपासच्या, दोन-तीन वर्षं घोळक्यात चालवलेल्या स्वाराला पुढे चाळीस-पंचेचाळीस. पन्नास पुढे लावायची तर वजन आणि हात दोन्ही हवेत. मागे कुणीही दहा-पंधरा मिलिमीटर जास्त खोल लावावी, त्याने हँडल बिघडत नाही. दोन्ही चाकं एकसारखी दिसली पाहिजेत हा हट्ट फोटोसाठी आहे. पुढे कमी आणि मागे जास्त ही जोडी वेळेविरुद्धच्या शर्यतींत जगभर वापरली जाते. लेमाँडचीही तशीच होती.

घाटाचं वेगळं बोललं पाहिजे. पोरांचा दुसरा हट्ट हलक्या चाकांचा असतो, आणि त्यापायी ते चढासाठी एक जोडी, सपाटीसाठी दुसरी अशा गोष्टी वडिलांना सांगतात. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढायला चांगल्या मुलाला चाळीस मिनिटं धरू. मुलगा, सायकल, पाणी, कपडे मिळून ऐंशी किलो. चाकांत ४०० ग्रॅम वाचवले तर ते एकूण वजनाच्या अर्धा टक्का, म्हणजे चाळीस मिनिटांत १२ सेकंद. फिरणारं वजन दुप्पट मोजलं जातं हे खरं, पण फक्त वेग वाढवताना. एका लयीत चढताना ग्रॅम तो ग्रॅमच. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' हा किताब पिढ्यान्‌पिढ्या मिळत आला. त्यातल्या जुन्या राजांनी तो साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर जिंकला होता.

खरी काळजी उताराची आहे. ज्यांच्या सायकलला अजून रिमला घासणारे ब्रेक आहेत त्यांनी कार्बनची रिम, खोल असो की उथळ, घाटात नेऊ नये. अ‍ॅल्युमिनियम उष्णता पसरवून टाकतं, कार्बन टाकत नाही. पसरणीसारख्या उतारावर ब्रेक धरून ठेवला की घासणारा पट्टा तापतो, कार्बनला धरून ठेवणारं रसायन मऊ पडतं, कड फुगते, ट्यूब फुटते. माझ्याकडे अशा फुगलेल्या दोन रिम आल्या आहेत. दोघेही स्वार नशिबाने वाचले. यूसीआयने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींना डिस्क ब्रेकची मोकळीक दिल्यापासून नव्या सायकलींचा हा प्रश्न संपला. पण आपल्याकडे शिकाऊ मुलांच्या हाती येतात त्या कोणीतरी वापरून विकलेल्या जुन्या सायकली, आणि त्यांच्याबरोबर येतात तशीच जुनी कार्बनची चाकं. घेण्याआधी कोणत्याही जाणत्या मेकॅनिकला दाखवा. पैसे न घेता पाहून देईन मी तरी.

आणखी एक बारीक गोष्ट, जी पत्रकात कुणी छापत नाही. साध्या ट्यूबचा व्हॉल्व्ह असतो ४८ मिलिमीटरचा. पन्नासच्या रिममध्ये त्याचं तोंड पंप लावण्याइतकं बाहेर येत नाही. त्याला ८० मिलिमीटरचा लांब व्हॉल्व्ह लागतो किंवा जोडनळी. कऱ्हाडच्या अलीकडे पंक्चर होऊन बसलेला एक मुलगा मला माहीत आहे. मागून आलेल्या तिघांनी त्याला तीन ट्यूब देऊ केल्या, तिन्ही निरुपयोगी. हायवेवरच्या पंक्चरवाल्याने हात लावायलाही नकार दिला. शर्यत सोडून तो मुलगा टेम्पोत बसून परत आला. ज्याला खोल रिम घ्यायची त्याने लांब व्हॉल्व्हच्या दोन ट्यूब बसायच्या पिशवीत कायम ठेवाव्यात. माझ्या दुकानातून खोल चाक विकलं जातं तेव्हा त्या दोन ट्यूब मी बरोबर देतो आणि दोनदा सांगतो.

पालकांनो, तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. कार्बनच्या खोल चाकांची जोडी आमच्याकडे साधारण पन्नास हजारांपासून सुरू होते आणि लाख-दीड लाखाच्या वर जाते. मुलाने हट्ट धरला की तुम्हाला वाटतं, हे नाही दिलं तर त्याचं करिअर थांबेल. थांबणार नाही. नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांत मिळून अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने केली. हे घडलं ते वर्षानुवर्षांच्या सरावाने, शिस्तीच्या खाण्यापिण्याने आणि रात्रंदिवस जागणाऱ्या साथीदारांच्या बळावर. तुमच्या पन्नास हजारांत मुलाचं शर्यतींचं वर्षभराचं प्रवेश शुल्क, दोन जोड चांगले टायर, अंगाच्या मापाने सायकल बसवून घेणं, आणि दूध-अंडी-केळी एवढं सगळं होतं. चांगल्या टायरमधून आणि योग्य हवेच्या दाबातून जेवढे वॅट वाचतात ते खोल रिमच्या बरोबरीचे असतात. आपल्या गतिरोधकांवर आणि खडीवर तर कधी कधी जास्तच.

शर्यती भरवणाऱ्या मंडळींकडे माझी एक मागणी आहे. अठरा वर्षांखालच्या गटात पुढच्या चाकाच्या रिमला चाळीस मिलिमीटरची मर्यादा घाला. सुरुवातीच्या रेषेवर मोजायला पट्टी पुरे, एका सायकलला दहा सेकंद लागतात. हेल्मेट पाहता, नंबर पाहता, त्यातच हे होतं. घोळक्यात एका मुलाचं हँडल वाऱ्याने ओढलं तर तो एकटा पडत नाही. मागचे पाच-सहाजण त्याच्या अंगावर जातात, आणि ते बहुधा ज्यांनी चाकावर काहीच खर्च केलेला नसतो असे गरीब घरातले असतात. शिवाय मर्यादा आली की पालकांवरचं दडपणही उतरतं. शेजारच्या मुलाकडे साठची आहे हे कारण मग उरत नाही. पठारावर किंवा नदीच्या लांब पुलावरून मार्ग जात असेल तर सकाळी शर्यतीआधी वाऱ्याचा अंदाज माइकवरून सांगा. मुलांना रस्ता माहीत असतो, पण त्या दिवशीचा वारा माहीत नसतो.

मला विरोध करणारे म्हणतील, काका जुन्या वळणाचे आहेत, नवं येऊ द्यायचं नाही. तसं नाही. स्वतःच्या सायकलला मी पुढे पंचेचाळीस आणि मागे साठ चालवतो. माझं वजन ७४ किलो आहे आणि मी चाळकेवाडीचा वारा तीस वर्षं ओळखतो. कार्बनच्या चाकाचा सपाटीवरचा तो एकसुरी घोष कानात आला की मन अजून उचंबळतं. खोल रिम हे उत्तम काम आहे, मेहनतीने आणि बुद्धीने केलेलं. ते मोठ्या माणसाच्या हाती असावं आणि मोकळ्या सपाट रस्त्यावर असावं, एवढंच माझं म्हणणं.

त्या मुलीचं हाड दीड-दोन महिन्यांत जुळलं. तिला परत सायकलवर बसायला मात्र आणखी चार महिने लागले. पहिल्या दिवशी ती बोगद्याच्याही पुढे गेली नाही, दरडीचा आडोसा आठवून परत फिरली. साठची जोडी मी तिच्या वडिलांना पूर्ण पैसे देऊन परत घेतली आणि तिच्या सायकलला तेहेतीसची अ‍ॅल्युमिनियमची चाकं बसवली, आरे मी स्वतः ताणले. या हिवाळ्यात ती पुन्हा चाळकेवाडीला जाऊन आली, खाली येताना हात खालच्या हँडलवर होते असं तिने मला येऊन सांगितलं.

साठची ती जोडी माझ्या दुकानात खुंटीला टांगलेली आहे. मागचं चाक सत्तर किलोच्या पुढच्या कुणाला हवं असेल तर येऊन बघावं, योग्य भावात देईन. पुढचं विकायचं नाही.